दोन बोटांसाठी एक गिटार

पत्रक तयार होतं. मथळासुद्धा ठरला होता : "हाच का तुमचा बरा झालेला हात?" खाली दोन रकाने मजकूर, त्यात 'रक्तपिपासू' हा शब्द तीनदा. अडलं होतं एवढ्यावरच, की ज्याचा हात तो माणूस सही देत नव्हता.

चिंचवडच्या बाजूला नव्यानं निघालेल्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात मी झाकणं तपासते. युनियनची पत्रकंही मीच लिहिते, कारण मॅट्रिक झालेली आणि भांडायला न लाजणारी अशी आमच्या खात्यात मी एकटीच. भावाच्या घरी राहते. शेजारच्या खोलीत आमच्याच कारखान्यातले एक फिटर राहतात. वेंगुर्ल्याकडचे ख्रिस्ती, वय चाळिशीचं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात.

गेल्या पावसाळ्याआधी मिस्त्रींचा डावा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. हाडं जुळली, पण शेवटची दोन बोटं ताठच राहिली. कारखान्याच्या डॉक्टरांनी कागदावर 'हात पूर्ववत' असं लिहिलं आणि साहेबानं मिस्त्रींना फिटरच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये स्क्रू निवडायला बसवलं. हात पूर्ववत असेल तर माणूस स्टोअरमध्ये का? आणि स्टोअरमध्ये बसवायचाच असेल तर हात पूर्ववत कसा? इतका साधा प्रश्न विचारायला पत्रक काढावं लागतं, याचीच मला चीड येते.

सहीसाठी गेले तेव्हा मिस्त्री ओट्यावर बसून डाव्या हातात रबराचा चेंडू आवळत होते.

"सही करा," मी म्हटलं.

"नाय करणार."

"साहेबाला भिता?"

"साहेबाला कोण भितो गो? हात गेला असं मीच अजून मानलेलं नाय, आणि तू ते छापून मोकळी होणार."

"मग मानायला काय हवं तुम्हाला? आणखी एक डॉक्टर?"

"गिटार," मिस्त्री म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. बोटीवर खलाशी असलेल्या मामाकडून ते तरुणपणी गिटार शिकले होते. लग्नात, नाताळात वाजवायचे. ती गिटार गावच्या घरी वाळवीनं खाल्ली. त्यांचं म्हणणं असं, की पाना फिरवताना, कानस मारताना माणूस स्वतःलाच फसवतो. दोन बोटं झोपली तर उरलेली तीन जास्त जोर लावतात आणि काम उरकतं. तारेवर तसं चालत नाही. ज्या बोटानं दाबायचं त्यानंच दाबावं लागतं. "वाजली तर हात बरा, मग तुझं पत्रक चुलीत घाल. नाय वाजली तर सही देतो. बस?"

"पुण्यात विकत मिळत असेल की."

"मी फिटर आहे गो बाय."

पण गिटार करायची तर दोन धड हात लागतात आणि त्यांच्याकडे होता दीड. उरलेला अर्धा मी झाले. स्पष्टच सांगते, मला त्या वाद्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला सही हवी होती आणि सही हवी तर गिटार वाजता कामा नये, हे मला पहिल्याच दिवशी कळत होतं. तरी मी गेले.

दसऱ्याच्या सुमारास सुरुवात केली. पहिली पाळी सुटल्यावर आणि रविवारी, उघड्या ओट्यावर, सगळ्या चाळीदेखत. वहिनी म्हणाली, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक म्हणतील पोरगी करवत ओढते. ओढतेच.

आमच्या कारखान्याची यंत्रं परदेशातून देवदारी खोक्यांत आली. ती खोकी मागच्या बाजूला जळणासाठी रचलेली असतात. गिटारच्या पाठीसाठी आणि तोंडासाठी मिस्त्री त्यातली एकेक फळी कानाशी धरायचे आणि टिचकी मारायचे.

"फळी काय कलिंगड आहे?" मी विचारलं.

"कलिंगडच समज. ऐक."

एक फळी 'थड' म्हणाली. दुसरी 'ठण्ण' म्हणाली आणि ते 'ण्ण' थोडा वेळ लांबलं. माझा विश्वास बसेना. त्यांनी मला पाठमोरी उभी केली आणि ओळखायला लावलं. पहिल्या दोन चुकल्या, नंतर बहुतेक बरोबर आल्या. तेव्हापासून मला खोडच लागली. घराचं दार, युनियनच्या कचेरीतलं टेबल, डब्यांची खोकी, दिसेल त्यावर मी टिचक्या मारत सुटले. सभेत अध्यक्षांचं भाषण चाललेलं असताना मी व्यासपीठाच्या फळीवर टिचकी मारली म्हणून मला समज मिळाली. फळी थड होती.

गिटारच्या कडांना वाकणारं लाकूड हवं होतं. आमचे घरमालक मूळचे शेतकरी. त्यांचं रान कारखान्यात गेलं, आता ते खोल्या भाड्यानं देतात. त्यांच्या गोठ्याच्या माळ्यावर शिवणीची एक जुनी लांब फळी पडून होती.

"कशाला पायजे?" त्यांनी विचारलं.

"गिटार करतोय," मिस्त्री म्हणाले.

"ती काय अस्ती?"

"वाद्य आहे. पोट मोठं, मान लांब."

"म्हंजी आमच्या थोरल्या जावयावानी. न्या, न्या."

ती फळी आम्ही उभी चिरली. करवतीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मिस्त्री. चिरल्यावर एकेक पट्टी रंधा मारत मारत पोस्टकार्डं तीन-चार एकावर एक ठेवावीत इतकी पातळ केली. जाडी मोजायला मिस्त्रींनी छत्रीच्या दोन काड्या खिळ्यानं जोडून चिमटा केला होता. रंध्याचं पातं जुन्या कानशीचं. बारीक खाचा पाडायची करवत हॅकसॉच्या ब्लेडची, दातांच्या दोन्ही बाजू घासून अरुंद केलेली. एकही हत्यार दुकानातलं नव्हतं. असल्या माणसाला स्क्रू निवडायला बसवतात!

लाकूड वाकवणं मला अशक्यच वाटलं होतं. देहूरोडच्या लष्करी भंगारातून आणलेला जाड लोखंडी पाइप दोन दगडांवर आडवा ठेवला आणि त्यात निखारे भरले. पट्टी ओली करून त्या पाइपवर दाबायची. चर्र आवाज, वाफ, आणि काहीच होत नाही. मी जोर लावला. पट्टी काडकन मोडली.

"मोर्चा आहे काय गो?" मिस्त्री म्हणाले.

दुसरीही मी मोडली. फळीत आता दोनच पट्ट्यांपुरतं लाकूड उरलं होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझे हात पट्टीवर ठेवले, आपला उजवा हात वर ठेवला आणि म्हणाले, ढकलू नको, नुसती टेकून राहा. टेकून राहिले. बराच वेळ लाकूड लाकडासारखंच होतं. मग हाताखाली ते एकाएकी सैल झालं. उन्हानं डांबर सैल होतं तसं. पट्टी आपणहून पाइपावर उतरली. मी ओरडलेच. तेव्हा लाकडाच्या आत काय होतं? गार झाल्यावर ते पुन्हा सरळ का होत नाही? मिस्त्री म्हणाले, "माहीत नाय. होतं एवढं खरं."

वाकलेल्या पट्ट्या खोक्याच्या फळ्या कापून केलेल्या साच्यात बसवल्या. पाठ आणि तोंड सरसानं चिकटवलं आणि सरस वाळेपर्यंत सगळ्या अंगाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या. दोन दिवस ओट्यावर एक काळं गाठोडं पडून होतं. घरमालक येता-जाता विचारायचे, "अवो फिटर, पेशंट कसा हाय?"

भांडण झालं ते पडद्यांवरून. गिटारच्या मानेवर धातूचे आडवे पडदे असतात. आम्ही ते सायकलच्या जुन्या स्पोकचे केले. मिस्त्री त्यांच्या खुणा करत होते, पण अंतरं सारखी नव्हती. पुढं पुढं पडदे जवळ येत होते.

"सारखे घ्या की. सरळ पट्टीनं मोजून," मी म्हटलं.

"चालत नाय."

"का चालत नाही? वरच्याला ऐसपैस आणि खालच्याला दाटीवाटी, हा कुठला न्याय?"

मिस्त्रींनी वाद घातला नाही. एक टाकाऊ फळी घेतली, एकच तार ताणली, माझ्या मोजमापानं समान अंतरावर पडदे ठोकले आणि म्हणाले, वाजव. मी वाजवलं. पहिले दोन सूर चालले, तिसरा लंगडला, पुढं तर जिना उतरताना पायरी चुकावी तसं व्हायला लागलं. घरमालकांचं कुत्रं उठून गेलं. मग मिस्त्रींनी मामाचा हिशेब सांगितला. तारेच्या लांबीचे अठरा भाग करायचे, एक भाग सोडून पहिला पडदा. उरलेल्या लांबीचे पुन्हा अठरा भाग, पुन्हा एक सोडायचा. म्हणजे प्रत्येक पडद्याला वाटा सारखाच, अठरावाच, पण जे उरलंय त्यातला. मी दोन संध्याकाळ कागदावर ते आकडे करत बसले. पत्रकाच्या मागच्याच कोऱ्या बाजूवर केले, दुसरा कागद हाताशी नव्हता.

संक्रांत गेली. सहीची आठवण मला होतीच. पण आता मला त्याहून जास्त हे बघायचं होतं, की खोक्याची फळी, घरमालकांच्या माळ्यावरची शिवण आणि सायकलचे स्पोक मिळून आवाज कसला काढतात.

होळीच्या आधीच्या रविवारी दुपारी मिस्त्रींनी पुण्याहून आणलेल्या तारा चढवल्या. लाकडी खुंट्या पिळून सूर लावले. शर्टाला हात पुसले. गिटार मांडीवर घेतली, डावा हात मानेवर नेला आणि तर्जनी आणि मधलं, अशी दोनच बोटं तारांवर दाबून उजवा अंगठा सगळ्या तारांवरून ओढला.

वाजली! काय वाजली! आवाज ओट्यावरून उठून समोरच्या पत्र्याच्या शेडपर्यंत गेला असं मला वाटलं. घरमालक तंबाखू मळायचे थांबले.

"ही दोन बोटांची कॉर्ड, सगळे सूर एकदम," मिस्त्री म्हणाले. "आता तिसरं."

तिसरं बोट, अनामिका, वाकलं नाही. ते आडवं तारांवर पडलं आणि खालच्या सगळ्या तारा मुक्या झाल्या. नुसती खटखट. मिस्त्रींनी उजव्या हातानं ते बोट धरून वाकवलं, तारेवर ठेवलं आणि सोडलं. ते पुन्हा सरळ झालं. असं पाच-सहा वेळा. सातव्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता. मग त्यांनी गिटार हळूच मांडीवर आडवी ठेवली.

लिहायचं तर खरं लिहावं. मला अर्धा क्षण आनंद झाला. सही मिळाली, असं मनात आलं. मिस्त्री माझ्याकडेच बघत होते.

"मिळालं ना हवं ते?" ते म्हणाले. "आण कागद."

मी बसूनच राहिले. त्यांनी पुन्हा सांगितलं तेव्हा उठले.

मजकूर त्यांनी ओळीला बोट लावून वाचला. 'रक्तपिपासू' तिन्ही ठिकाणी खोडला. 'निकामी झालेला हात' यावर थांबले.

"निकामी कोणी सांगितलं?"

"आत्ता तर बघितलं—"

"दोन बोटं वाकत नाय. अनामिका नि करंगळी. चिमूट धरता येते, जिन्नस उचलता येतो, मूठ होत नाय. हे लिही. गिटारचं लिहू नको. ती माझी आहे."

"एवढंच लिहिलं तर कोण पेटून उठणार?"

"पेटू नको देऊ. नवीन डॉक्टर येऊन बघू दे. तू निकामी छापलंस आणि त्यानं मला चिमूट धरताना बघितलं, की खोटी तू."

मी 'निकामी' खोडलं. पत्रक अर्ध्या रकान्याचं झालं. मथळ्यात फक्त 'दोन बोटं वाकत नाहीत' असं होतं आणि खाली मिस्त्रींची सही. गेटवर वाटताना मला ते अळणी वाटत होतं. पण लोक ते वाचून आपापली बोटं वाकवून बघत होते. हे मी माझ्या कुठल्याच पत्रकाच्या बाबतीत पाहिलं नव्हतं. बाहेरच्या डॉक्टरांना हात दाखवायचं कारखान्यानं कबूल केलंय. तारीख मात्र देत नाहीत. तारखेसाठी मी दुसरं पत्रक लिहितेय आणि त्यात विशेषणं आहेत.

सही दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गिटारच्या सगळ्या तारा उतरवल्या. मला वाटलं, मोडणार. पण त्यांनी तारा ज्यांवर टेकतात त्या हाडाच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, खाचा उलट्या क्रमानं पाडून नव्या बसवल्या आणि जाड तार होती तिथं बारीक चढवली. आता मान उजव्या हातात आणि छेडणार डावा. छेडायला चिमूट पुरते. म्हणजे वीस वर्षांची विद्या एका हातातून दुसऱ्या हातात न्यायची. ती जाते का? डोक्यात असते की बोटांत? मी विचारलं तर म्हणाले, "बोटांत. आणि ही बोटं अडाणी आहेत."

अडाणीच आहेत. महिना झाला, चाळीनं कान झाकून घेतलेत. घरमालक म्हणतात, "फिटर, यापरीस आमचा जावई बरा म्हणायचा." उजव्या बोटांच्या टोकांना फोड आलेत.

काल संध्याकाळी मी ओट्यावर होते. मिस्त्री उजव्या हातानं तीच तीन बोटांची कॉर्ड करत होते. तर्जनी पोचत होती, मधलं पोचत होतं, अनामिका हवेत भटकून उशिरा उतरत होती. एकदा तिन्ही बरोबर पडली आणि आवाज स्वच्छ निघाला.

"परत," मी म्हटलं.

"तू कोण गो मला परत म्हणणारी?" मिस्त्री म्हणाले आणि बोटं उचलून पुन्हा ठेवली. चुकली.