राणीच्या गालावरच्या रेघा

"घासलं तं काय जीव गेला त्याचा?"

"जीवच गेला! हजार वेळा सांगितलं मैना, त्याले हात लावू नको म्हणून."

"बाप्पा! काळंकुट्ट पडलं होतं. अकोल्याहून पाहुणा येऊन राहिला, अन् त्याच्यापुढं असं कळकट ठेवू? देव घासले, समई घासली, त्यातच हेही घासलं. चिंच अन् राख. पाहा आता, कसं चमकून राहिलं!"

"तेच तं पाहून राहिलो!"

पोरगं न विचारता टक्कल करून आल्यावर बाप जसा पाहतो, तसे खुशालराव तळहातावरच्या चांदीच्या रुपयाकडे पाहत होते. रुपया व्हिक्टोरिया राणीचा, दुर्मीळ सालाचा. आईच्या पेटीतून निघालेला, आज सकाळपर्यंत कधीच न घासलेला.

खुशालरावांनी एकतीस वर्षं अमरावती-दर्यापूर एष्टीत कंडक्टरकी केली. खच्चून भरलेल्या गाडीत, तिकडून कोणी "ओ कंडक्टर, आमाले उतरू द्या" म्हणून ओरडत असताना, त्यांना हातातलं नाणं नुसत्या आवाजावरून कळायचं. खरं की खोटं. रिटायर झाल्यावर तोच छंद झाला. अमरावतीत कोणाच्या घरी जुना रुपया निघाला, की तो माणूस खुशालरावांच्या ओसरीवर हजर. ते भिंगातून पाहणार, फरशीवर वाजवणार, भाव सांगणार. पैसे मात्र घेणार नाहीत. "पाह्याचे कायले पैसे?"

आणि येईल त्याला पहिलं वाक्य ठरलेलं. "घासू नका. तो मळ नाही, नाण्याचं वय हाये. वय गेलं की भावही गेला."

सगळ्या गावाला सांगून झालं. घरातच ऐकणारं कोणी नव्हतं.

ऐकण्याचीच तर पंचाईत होती. दोन वर्षांपासून डावा कान बंद, उजवा अर्धामुर्धा. नाणं फरशीवर टाकायचं आणि मैनाबाईंना विचारायचं, "कसं वाजलं?"

"टण्ण."

"लांब का आखूड?"

"आता टण्णमध्ये लांब-आखूड काय असते जी?"

म्हणून कानाचं यंत्र घ्यायचं ठरलं होतं. त्याचे पैसे या एका रुपयातून निघणार होते. अकोल्याच्या बँकेतल्या अनुपला नाणी जमवायचा नवा नाद लागला होता. त्याला फोनवर खुशालरावांनी शब्द दिला होता, "हात नाही लागला त्याले. जबाबदारी माही."

अकरा वाजता अनुप आला. रुपया पाहून खूश झाला.

"वा काका! हे तर काल टाकसाळीतून निघाल्यासारखं आहे. ठरलं त्यापेक्षा पाचशे जास्त देतो." त्यानं पाकीट काढलं.

आतल्या दारातून मैनाबाईंनी नवऱ्याकडे पाहून डोळे वटारले आणि ओठावर बोट ठेवलं. मग काही घडलंच नाही अशा थाटात चहा गाळायला वळल्या.

खुशालरावांनी घसा खाकरला. भिंग उचललं आणि अनुपच्या हातात दिलं.

"राणीचा गाल पाहा. काय दिसते?"

"काही नाही… थांबा. बारीक रेघा आहेत."

"वळण कोणीकडं हाये त्यायचं?"

"असं… डावीकडं वरून उजवीकडं खाली."

"म्हणजे घासणारी डावरी हाये."

गाळणी धरलेला मैनाबाईंचा डावा हात जागच्या जागी थांबला.

"सकाळीच घासलं ते," खुशालराव म्हणाले. "आता याले नुसत्या चांदीचा भाव. फोनवर बोललो ते विसरा."

अनुपनं भिंग खाली ठेवलं. "काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"म्हणून तं सांगा लागलं."

पाकीट परत खिशात गेलं. चहा झाला. फाटकापाशी गेलेला अनुप तिथूनच वळला. "आजोबांची पेटी आहे घरी. दोनशेक नाणी असतील. रविवारी आणू? आता दुसऱ्या कोणाला दाखवायची नाहीत. तुमची जी फी असेल ती देईन."

"आणा," खुशालराव म्हणाले. फीचं काही बोलले नाहीत.

फाटक लागलं. मैनाबाई पदराला हात पुसत ओसरीवर आल्या.

"मी तुमच्या कानासाठी घासलं होतं. चमकलं तं चार पैसे जास्त भेटतीन म्हणून."

"माहीत हाये."

खुशालरावांनी रुपया देव्हाऱ्यातल्या वाटीत ठेवला. लखलखीत देवांच्या ओळीत तो शोभून दिसत होता, हे त्यांनाही कबूल करावं लागलं.

मैनाबाई मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"दोनशे नाणे हाये म्हणते तो. एकेकाचे दहा-वीस घेतले, तरी यंत्राले हातभार लागते. रविवारी फी घेसान का नाही?"

खुशालरावांनी खुंटीवरची पिशवी काढली.

"मी विचारून राहिली!"

त्या आवाजानं शेजारची जमुना खिडकीत आली. खुशालरावांनी पायात चपला सरकवल्या, तिच्याकडे पाहून मान हलवली, आणि चांगला कानही बंद असल्यासारखे फाटक उघडून भाजी आणायला चालू लागले.