धुरावरचा चरक आणि रसाचा पहिला पेला

मंडळी, आज दुपारपासून माझा जीव जळतोय. कुणाला तरी सांगायलाच हवं.

आमच्या पलूसकडच्या गावात गुऱ्हाळाचे ऊस पिळायचे चरक आजवर मीच, गावचा सुतार, बसवत आलोय. पद्धत अशी, की देवाचा नैवेद्य काढला की रसाचा पहिला पेला चरक बसवणाऱ्याचा.

यंदा पाटलांनी शंकरला बोलावलं. पलटणीत मोटारी दुरुस्त करून परत आलेला हा कालचा पोरगा! त्यानं मोडीतल्या लॉरीचं इंजिन आणलं. लढाईपासून पेट्रोल मिळत नाही, म्हणून ते कोळशाच्या भट्टीतून निघणाऱ्या पेटत्या धुरावर चालवलं आणि पट्ट्यानं चरकाला जोडलं. एरवी चरक ओढणारे बैल झाडाखाली रवंथ करत बसले आणि चरक गरागरा फिरायला लागला. लोक ओरडले, "लय भारी, गड्या!"

मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी जाडजूड चार ऊस निवडले आणि बुडख्याकडून एकदम आत सारले. म्हटलं, अडक एकदाचा!

इंजिन खोकलं, पट्टा किरकिरला आणि चारही उसांची चिपाडं बाहेर पडली.

शंकर धावत आला. मला वाटलं, आता भांडतोय. तर म्हणतो कसा, "आवं दादा, बरं झालं तुमी परीक्षा घेतली. येवढे ऊस एकदम घालायची माजी हिंमतच हुईना."

नैवेद्य निघाल्यावर त्यानं आपला पहिला पेला माझ्याच हातात दिला. रस गोड होता, त्यामुळं तर जास्तच झोंबलं.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही प्याला असता?

मी प्यालो. वर मिशी पुसत म्हणालो, "इंजिन आवाज लय करतंय रं तुजं."