तिसऱ्या खांबावरचा आवाज

आमच्या घराचा वरचा मजला उन्हाळ्यात भाड्याने जातो. गेली पाच वर्षं तो एकाच जोडप्याकडे आहे. काका लिफ्ट इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले, काकू शाळेत पी.टी. शिकवायच्या. सगळी गल्ली त्यांना इन्स्पेक्टरकाका आणि पी.टी. काकू म्हणते. खरी नावं भाडेकरारात आहेत, पण ती मला कागद बघूनच सांगता येतील.

त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उन्हाळाभर डोंगरात थंड हवेला जा आणि काही करू नका. काकूंनी त्यातलं पहिलं अर्धं ऐकलं. पहाटे साडेपाचला आमच्या डोक्यावर छत दणदणायला लागतं, तेव्हा समजायचं की काकूंच्या जागच्या जागी उड्या चालू झाल्या. मग त्या टेकडीच्या कड्यापर्यंत चालून येतात, येताना भाजी आणतात आणि भाजीवालीच्या कंबरेला कोणता व्यायाम चांगला तेही तिला दाखवून येतात. पहिल्या वर्षी गच्चीवर त्यांच्यासोबत फक्त माझी बायको असायची. चौथ्या वर्षी गल्लीतल्या चौदा बायका दोन रांगा करून हात फिरवत होत्या. माझ्या बायकोची गुडघेदुखी पळाली. माझा सकाळचा चहाही तिच्यासोबत पळाला, तो आता साडेआठला मिळतो.

काका गॅलरीत बसतात. लोक आमच्याकडे डोंगर बघायला येतात, आणि गॅलरीतून तो समोर दिसतो. काकांनी पहिल्याच दिवशी खुर्ची उचलून त्याच्याकडे पाठ केली आणि तोंड रोपवेकडे केलं.

"काका, डोंगर इकडं आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. पण तो जागचा हलतोय का? मग त्याच्याकडं बघायचं काय?"

आता हे सांगायला हवं की मी त्याच रोपवेच्या खालच्या स्टेशनचा प्रमुख आहे. आमचं घर स्टेशनच्या भिंतीला लागून, खालच्या अंगाला आहे. वर जाताना चार खांब लागतात, आणि काकांच्या खुर्चीतून तीन दिसतात.

गेल्या वर्षी ते आले त्याच आठवड्यात एक दिवस मी ऑफिसात काम करत होतो. तिकिटाच्या खिडकीबाहेर प्रवाशांची रांग होती. रांग सरकत सरकत काका खिडकीशी आले. इस्त्रीची पँट, खिशाला पेन. म्हटलं, अखेर काका रोपवेत बसणार! चार उन्हाळ्यांत ते एकदाही बसले नव्हते. काकांनी खिशातून एक लिफाफा काढला आणि खिडकीतून पुढं सरकवला.

"साहेब, आपल्या माहितीसाठी," असं म्हणून ते गेले.

ज्या माणसाने सकाळी जिन्यावरून "अरे, तुझी छत्री राहिली" म्हणून हाक मारली होती, तो मला साहेब म्हणत होता. पत्रात लिहिलं होतं की तिसऱ्या खांबावरून डबा जाताना टक् असा आवाज येतो, आपण त्वरित तपासणी करावी.

संध्याकाळी मी जिन्यातच विषय काढला. "काका, ते पत्र..."

"ऑफिसची गोष्ट ऑफिसात," काका म्हणाले. "तुझ्या नळाला वायसर बसवलाय. आता गळणार नाही."

मी मेकॅनिकला तिसऱ्या खांबावर चढवलं. आमचा मेकॅनिक सव्वीस वर्षं याच रोपवेवर आहे आणि दिवसाला साधारण सव्वीस शब्द बोलतो. दोन तासांनी तो उतरला. "काही नाही," म्हणाला. मी काकांना पत्र पाठवलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पत्र वरच्या मजल्यावरच जायचं होतं, तरी पोस्टाने पाठवलं. आपणही ऑफिसची रीत पाळतो, हे त्यांना कळायला हवं होतं.

त्यानंतर सहा आठवड्यांत सात पत्रं आली. मेकॅनिक आणखी तीनदा खांबावर चढला. ग्रीस घातलं, नट आवळले, खांबाला कान लावून बसला. शेवटच्या वेळी उतरल्यावर त्याने दिवसभराचे शब्द एकदम वापरले. "साहेब, त्या म्हाताऱ्याला एकतर कानाच्या डॉक्टरकडं न्या, नाहीतर मला न्या."

मला तरी कुठं पटत होतं! अकरा वर्षं मी त्या स्टेशनात बसतोय. मलाही देवाने दोन कान दिलेत.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती, पण गच्चीवरच्या चौदा बायकांनी ती उचलली. हात वर करता करता कुणीतरी काकूंना विचारलं, "अहो, तुमचे हे रोपवेत कधीच का बसत नाहीत?" काकू मोकळ्या मनाने म्हणाल्या, "कोण जाणे. ते लिफ्टमध्येसुद्धा बसत नाहीत. तीस वर्षं जिन्यानेच जातात." काकूंना यात नवऱ्याची तब्येत किती ठणठणीत आहे ते सांगायचं होतं. बायकांनी त्यातून वेगळंच ऐकलं. लिफ्टचा इन्स्पेक्टर लिफ्टमध्ये बसत नाही, रोपवेत बसत नाही, आणि रोज पत्रं लिहितो! दोन दिवसांत गावभर झालं. खिडकीशी येऊन लोक विचारायला लागले, "तिसऱ्या खांबाचं काय झालं?" काहीजण रांगेतून निघून पायी वर जायला लागले.

मग मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी रीतसर पत्र लिहून काकांना तपासणीचं आमंत्रण दिलं. म्हटलं, चार लोकांसमोर त्यांना डब्यात बसवू, तिसऱ्या खांबावरून नेऊ, काही ऐकू आलं नाही की विषय संपला.

ठरल्या दिवशी काका नऊला पाच कमी असताना हजर. हातात टॉर्च, वही आणि हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे यंत्राच्या पोटातलं ऐकू येतं. मेकॅनिकने तो स्क्रू ड्रायव्हर बघितला आणि पहिल्यांदाच काकांना नमस्कार केला. गच्चीवरच्या बायका आल्या होत्या. काकूही होत्या, कारण काकूंशिवाय गावात आता काहीच होत नव्हतं.

डबा आला. मेकॅनिकने दार धरलं. काकांनी एक पाय उचलला, तसाच खाली ठेवला.

"पुढच्या डब्यात बसतो," ते म्हणाले.

पुढचा आला. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. तिसरा आला तेव्हा ते दाराची बिजागरी तपासायला लागले. चौथा डबा रिकामाच वर गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि आमच्याकडे सकाळी नऊला कुणाला घाम येत नाही.

काकू पुढे आल्या. "अहो, काय झालं?"

काका त्यांच्याकडे बघेनात. हळूच म्हणाले, "मला नाही जमत, अगं. दोरावर लटकायचं म्हटलं की पाय जातात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे चौतीस वर्षं..."

"जिन्याने वर जायचो, मशीनरूम तपासायचो, जिन्याने खाली यायचो. सही करायला आत बसावं लागत नाही."

काकू शेजारच्या बाकावर बसल्या. ही गोष्ट मी तरी पहिल्यांदाच बघत होतो. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही व्यायाम म्हणून जिने चढता. मी वर्गात पोरांना तुमचं उदाहरण द्यायचे हो! अठ्ठावीस वर्षं दिलं."

कुणीतरी फिसकन हसलं. काकूंनी त्या दिशेला नुसतं बघितलं, आणि ती बाई दोन दिवस व्यायामाला आली नाही.

"चला," काकू काकांना म्हणाल्या. "मी आहे ना."

"तू असलीस म्हणून दोर जाड होणार आहे का?"

"नाही. पण तुम्ही डोळे मिटा, मी बघते. तुम्हाला ऐकायचंच आहे ना? ऐकायला डोळे कशाला लागतात?"

ते दोघं, मी आणि मेकॅनिक, असे चौघे बसलो. काकांनी डोळे घट्ट मिटले आणि काकूंचा हात असा धरला की नंतर मनगटावर चार बोटं उठली होती. काकू त्यांना सांगत राहिल्या. "पहिला खांब आला. गेला. खाली झाडं आहेत. नको, झाडांचं सांगत नाही. दुसरा आला." तिसऱ्या खांबाशी मेकॅनिकने श्वास रोखला, मीही रोखला. डबा चाकांवरून खडखडत सरकला आणि पुढं गेला. टक् नाही की काही नाही.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो. खरं सांगतो, मला मनातून बरं वाटलं, आणि ते लपवायचंही सुचलं नाही.

वरून ते पायी उतरतो म्हणाले. काकूंनी त्यांना पुन्हा डब्यात घातलं. खाली आलो तेव्हा काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्यांना ऑफिसात नेऊन माझ्या खुर्चीवर बसवलं आणि पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवला. आता त्यांना चार समजुतीचे शब्द सांगावेत म्हणून मी घसा साफ केला.

काकांनी ग्लास उचलला नाही. ते त्यातल्या पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी टेबलावर तळहात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

"हा आवाज कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठला आवाज?"

"हा. आता. आणि... हा."

मी ऐकलं. काही नव्हतं. रोजच्यासारखी शांतता होती. मेकॅनिककडे बघितलं, तर तो कसनुसा झाला होता. तो गुडघ्यावर बसला, फरशीला कान लावला आणि तसाच राहिला.

माझ्या ऑफिसच्या खाली रोपवेचं मोठं चाक आहे. दोर त्याच्यावरून वळतो. काका खाली गेले. यंत्रांत शिरताना त्यांचे पाय अजिबात कापत नव्हते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चाकाच्या बेअरिंगला टेकवून त्यांनी मूठ कानाला लावली, मग ती मेकॅनिकच्या कानाला दिली, मग माझ्या. आतून कुणीतरी दातांखाली खडा चावावा तसा आवाज येत होता. दर अकरा सेकंदांनी. चाकाचा एक फेरा होतो तेवढ्यात.

चाकाच्या खड्ड्याचं तोंड खांबांकडे उघडं आहे. आवाज तिथून बाहेर पडायचा, तिसऱ्या खांबामागच्या उघड्या कातळावर आपटायचा आणि फिरून आमच्या गॅलरीत यायचा. काका खांबाकडे बघत असायचे, म्हणून तो त्यांना खांबातून आलेला वाटायचा. आणि मी दिवसभर त्याच्या डोक्यावर बसून त्याला शांतता म्हणत होतो.

"अकरा सेकंदांनी डबा येत नाही, चाक फिरतं," काका वहीत लिहिताना म्हणाले. "पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. मी त्या डब्यांवरून नजरच काढत नव्हतो."

मी जागच्या जागी रोपवे बंद केला. बेअरिंग उघडलं तर आतलं कडं तडकलेलं. नवीन येऊन बसायला एकोणीस दिवस लागले, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. हॉटेलवाले, फोटोवाले, घोडेवाले, कुणीही काकांचे आभार मानले नाहीत. घोडेवाल्यांनी मानायला हवे होते, कारण त्यांचा धंदा तिप्पट झाला. बाकीचा डोंगर काकूंनी चालवला. रोज सकाळी सातला त्या पर्यटकांची रांग लावून त्यांना पायी वर नेत. दमून मध्येच बसणाऱ्याला "उठा, अजून अर्धासुद्धा झाला नाही" असं ऐकावं लागे. एका नवविवाहित जोडप्याने त्यांच्याबद्दल माझ्याकडे लेखी तक्रार केली. मी तिची नोंद घेतली.

मुख्य कार्यालयाकडून प्रशस्तिपत्र आलं. त्यात माझ्या दक्षतेचं कौतुक होतं. मी ते घेऊन वर गेलो आणि काकांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "तुझ्या नावातली वेलांटी चुकलीय" म्हणाले आणि परत दिलं.

रोपवे सुरू झाला आणि काका बिघडले. सकाळी खुर्चीत बसायचे, कान द्यायचे आणि जेवायच्या वेळेला खिन्न होऊन उठायचे. सगळं तेल घातल्यासारखं चाललं होतं. जेवण कमी झालं. एका दुपारी तर त्यांनी खुर्ची फिरवून डोंगराकडे तोंड केलेलं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काकू ऑफिसात आल्या. दार लोटून घेतलं.

"एक मागणं आहे. नाही म्हणू नकोस."

"बोला ना, काकू."

"एखादा नट सैल ठेव."

"काकू!"

"धोक्याचा नको रे. एखादा बारीकसा. टक् म्हणेल एवढाच. आठवडाभर सापडणार नाही असा ठेवलास तर फार बरं."

त्यांचे डोळे ओले होते, म्हणून मला हसता आलं नाही. नट सैल ठेवणं शक्यच नव्हतं. दोन दिवस विचार करून मी काकांना रीतसर पत्र दिलं. या वेळी पोस्टाने नाही, जिन्यात, हातात. आठवड्यातून दोनदा स्टेशनात येऊन यंत्रं ऐकावीत आणि मेकॅनिकला ऐकायला शिकवावं, अशी विनंती होती. काका म्हणाले, ऑफिसचं पत्र घरात घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहून त्यांनी ते खिडकीतून घेतलं.

या उन्हाळ्यात ते आठवड्यातून दोनदा नाही, रोज येतात. नऊला पाच कमी असताना. डब्यात पुन्हा बसले नाहीत, आणि काकूंनीही त्यांना तसं म्हटलं नाही. मात्र गच्चीवरच्या बायकांना त्या आता वेगळं सांगतात. आमच्या ह्यांना दोरावर लटकायची भीती वाटते, तरी चौतीस वर्षं त्यांनी तेच काम केलं, मग तुम्हाला वीस बैठका काढायला काय होतं?

मेकॅनिक आता बराच बोलायला लागला आहे. गेल्या आठवड्यात तर माझ्यासमोर बसून पंधरा मिनिटं बोलला. काका किती बारीक ऐकतात, किती शिकायला मिळतं, असा माणूस पुन्हा व्हायचा नाही. मग उठला आणि वरच्या स्टेशनवर बदली मागणारा अर्ज माझ्या टेबलावर ठेवून गेला.