वसंतदादाचा टायमर

वसंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेसा भागातल्या माझ्या घरी वांगी चिरत होते. चिरून संपवली, फोडणी दिली, मग निघाले. तो माझा आतेभाऊ. रामदासपेठेतल्या त्याच्या स्टुडिओच्या डार्करूममध्ये माझी सगळी उमर गेली. आता पेपरच्या पुरवणीवाल्यांनी माझ्याकडे त्याच्याबद्दल चार चांगले शब्द मागितलेत. चांगलेच हवे होते तर दुसऱ्या कोणाला सांगायचं...

प्रिंट काढताना कागदावर दिवा किती वेळ जळू द्यायचा, सगळा खेळ त्याचा. जरा कमी, की चेहरा फिका. जरा जास्त, की काळाठिक्कर. त्या दिव्याचा टायमर दादा रोज संध्याकाळी पिशवीत घालून घरी न्यायचा. शिकवलं त्यानंच, पण माझ्या प्रिंट त्याच्याहून उजव्या येऊ लागल्या आणि माणूस बिथरला. मीही कमी नाही. तो गेला की दिवा हातानं लावायचा आणि वेळ मोजायला पाढे म्हणायचे. साध्या निगेटिव्हला बेचा पाढा, दाट असली तर पुढे तिनाचाही. सकाळी दादा ती प्रिंट उजेडात धरायचा आणि मागे स्वतःचा शिक्का मारायचा. प्रदर्शनात नाव त्याचं, बक्षीस त्याचं. एकदाच मी म्हटलं, खाली माझं नाव टाक. मान वर न करता म्हणाला, "तुले काहून पाहिजे वं नाव? तू तर घरचीच आहेस."

घरची म्हणे! परक्या माणसाला असं गुंडाळायची त्याची छाती झाली नसती. तो मेला म्हणून माझी आग विझलेली नाही, आणि मी ती विझवणारही नाही.

तेरवीआधी त्याचा मुलगा मंगेश निगेटिव्ह घेऊन आला. दादाचा तो फोटो मीच कधीतरी काढला होता. मोठा करून पाहिजे, आणि ते काम आत्याशिवाय कोणाले जमत नाही, म्हणाला. टायमरही सोबत आणला होता. मी तो पिशवीतून काढूच दिला नाही. प्रिंट इतकी सुरेख उतरली की मलाच राग आला. ओठांवरचा आखडूपणासुद्धा जसाच्या तसा...

मग हाराखाली झाकलं जाणार नाही अशा जागी काळ्या शाईनं माझं पूर्ण नाव लिहिलं. मंगेश चाचरत म्हणाला, "आत्या, बाबाच्या फोटोवर तुझं नाव?"

"काढणाऱ्याचं लिहितात," मी म्हटलं.

आता तो फोटो त्यांच्या बैठकीत आहे. मी अधूनमधून जाते, समोरच्याच खुर्चीत बसून सावकाश चहा घेते. आलेला माणूस फुलं वाहायला वाकतो, माझं नाव वाचतो, विचारतो, या कोण? वहिनीला सांगावं लागतं. आणि दादाला ते मुकाट्यानं ऐकावं लागतं.