वीकेंडला आटलेले मेंदू

आमच्या नागपूरच्या धंतोलीतल्या स्कॅन सेंटरमध्ये किस्से मुद्दाम आठवावे लागत नाहीत. नवं अपडेट आलं की किस्सा तयार! माझं काम म्हणाल तर एमआरआयमधून आलेला मेंदू सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा आणि त्याचा कोणता भाग किती मोठा आहे ते मोजून रिपोर्ट काढायचा. वय झालं की मेंदू थोडा आटतोच. फार आटला असला तर डॉक्टर काळजी करतात. एवढंच. सोपं वाटतं ना? मलाही वाटायचं.

* * *

एकदा शुक्रवारी नवं व्हर्जन टाकलं. सोमवारपासून जो येईल त्याचा मेंदू आटलेला! तरुण पोरांचेही. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम रिपोर्टांचा गठ्ठा हातात घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अख्खा विदर्भ वीकेंडला म्हातारा झाला काय?"

* * *

मी कंपनीला फोन लावला. तिकडचा पोरगा भलता नम्र.

"सर, दोन्ही व्हर्जन व्हॅलिडेटेड आहेत. म्हणजे तपासून खात्री केलेली."

"अहो, पण एकाच माणसाचे दोन आकडे येतात. त्यातला खरा कोणता?"

"सर, दोन्ही."

"आणि मधला फरक?"

तो तितक्याच नम्रपणे म्हणाला, "सर, तोही व्हॅलिडेटेड आहे!"

* * *

मग आमचा टेक्निशियन प्रशांत स्वतःच मशीनमध्ये झोपला. त्याचा एकच स्कॅन आम्ही जुन्या व्हर्जनवर चालवला, नव्यावर चालवला, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरही चालवला. दर वेळी आकडा वेगळा. तेवढ्यात हुडकेश्वरहून त्याच्या बायकोचा फोन. त्याने स्पीकरवर घेतला.

"घरी काहून नाही आले अजून?"

"अवं, माझा मेंदू मोजून राहिलो."

"निघाला काय?"

* * *

सगळेच किस्से हसण्यासारखे नसतात. स्नेहल नावाची एक पोरगी प्रबंधासाठी आमच्याकडे मेंदू मोजून घ्यायची. औषध सुरू करण्याआधीचा स्कॅन आणि नंतरचा. तिच्या पेशंटांचे मेंदू चक्क वाढले होते! पेढे घेऊन आली बिचारी. मॅडमनी पेढा हातातच धरून प्रशांतला विचारलं, "नंतरचे स्कॅन कोणत्या व्हर्जनवर केले गा?"

प्रशांतने मान खाली घातली. मध्ये आणखी एक अपडेट येऊन गेलं होतं, आणि यावेळी उलटं, मेंदू वाढवणारं. सगळे स्कॅन एकाच व्हर्जनवर परत चालवले. वाढ गायब. प्रबंधही.

स्नेहल खिडकीशी गेली. मग वळून म्हणाली, "सर, मग पेशंटला औषधाऐवजी अपडेटच लिहून देऊ का?"

* * *

तेव्हापासून नियम केला. एका पेशंटचे जुने-नवे सगळे स्कॅन एकाच व्हर्जनवर मोजायचे आणि रिपोर्टवर व्हर्जन लिहायचं. जुना कॉम्प्युटर त्यासाठीच ठेवला. आयटीवाला दर वेळी येऊन म्हणतो, "सर, हे भंगार काहून सांभाळून राहिले? फेकून द्या ना!"

मॅडम म्हणतात, "याले हात लावशील तर तुझाच मेंदू मोजीन!"

* * *

आणि मेश्राम गुरुजी. पारशिवनीचे रिटायर्ड मास्तर. गणिताचे. पहिला स्कॅन त्यांनी दुसऱ्या सेंटरमध्ये काढला होता, पुढचाही तिथेच. दोन रिपोर्टांच्या मध्ये आठवणींचा भाग बराच आटलेला. त्यावर व्हर्जनचा उल्लेख नाही. घरी सगळ्यांनी धसका घेतला. पोराने एटीएम कार्ड काढून घेतलं, स्कूटर विकली. गुरुजींनी गावातल्या पोरांची शिकवणी आपणहून बंद केली. "चुकीचं शिकवीन तं पोराईचं नुकसान होईन," म्हणाले.

काही महिन्यांनी ते बायकोला घेऊन आमच्याकडे आले. मॅडमनी दोन्ही जुन्या सीडी मागवल्या. मी ते स्कॅन आणि आमचा ताजा स्कॅन, तिन्ही एकाच व्हर्जनवर चालवले. आकडे जवळजवळ सारखेच.

मॅडमनी दोघांना आत बोलावलं. "गुरुजी, काही आटलं नाही. तुमचा मेंदू होता तसाच आहे. मधल्या काळात मोजायचं सॉफ्टवेअर बदललं होतं."

गुरुजींच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. "ऐकलं ना जी? काही झालं नाही तुमाले!"

गुरुजी मात्र टेबलाकडेच पाहत होते. मग हळूच म्हणाले, "पण मॅडम, तो रिपोर्ट आल्यापासून मी खरंच विसराले लागलो होतो. मंग आता काय, पुन्हा आठवाले सुरुवात करू?"