आधी कांदा, मग माणसं

मानेवरची गाठ काढून तपासायला दिली होती. रिपोर्टसाठी मी चिकलठाण्याच्या एका लॅबमध्ये रोज हेलपाटे घालत होतो. तिथला तंत्रज्ञ हाडकुळा, आणि डावा डोळा कायम मिटलेला. मायक्रोस्कोपमध्ये बघून बघून सवयच जडली असावी. माणसाकडंही तो एकाच डोळ्यानं बघायचा आणि बिस्कीटसुद्धा ट्यूबलाइटपुढं धरून मगच खायचा.

दुष्काळाचं वर्ष होतं. एके दुपारी खाली टँकरचा हॉर्न वाजला, तसा तो काचपट्टी मायक्रोस्कोपखाली तशीच सोडून बादल्या घेऊन पळाला. मी हळूच डोळा लावला. आत जांभळी घरं, एकाला एक चिकटून, अगदी बाहेरच्या नव्या वसाहतीसारखी. माझ्या गाठीत एवढं बांधकाम? मी मटकन स्टुलावर बसलो आणि विम्याचे कागद कुठं ठेवलेत ते बायकोला फोनवर सांगू लागलो.

फोन चालूच होता, तेवढ्यात तो भरल्या बादल्या घेऊन आला. "काय झालं वो साहेब?"

"बघितली मी माझी गाठ."

"कशाची गाठ? तो माझ्या डब्यातला कांदा हाय! टँकरचं पाणी रोज निराळ्या विहिरीचं, त्यानं काचपट्टीवरचा रंग लई बिघडतो. म्हणून आधी कांदा रंगवून बघायचा, मग माणसं." मग मायक्रोस्कोपला डोळा लावून तो गंभीरपणे म्हणाला, "तुमचं डॉक्टर सांगतील, आपल्याला बोलायची परवानगी नाय. पण कांदा एकदम निरोगी हाय."

दोन दिवसांनी रिपोर्ट चांगला आला. मी घाईघाईनं बायकोला फोन केला.

"कुणाचा?" तिनं विचारलं. "तुमचा, की कांद्याचा?"