खाडीच्या पाण्यानं मेलेली रोपं

रोपं मी मारली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं लपवाछपवी नको.

डहाणूत खाडीच्या काठाला आमची वस्ती. घरांपुढं कचऱ्याचा ढीग होता. पिशव्या, बाटल्या, सडकी जाळी. माझी बायको, वस्तीतल्या चार बायका आणि शाळेचे एक मास्तर दर रविवारी तो उचलायचे. मी ओट्यावर बसून बिडी ओढायचो.

"नगरपालिकेनं पगार चालू केला का गं?"

"तुम्ही बसा. एवढं उचलून झालं की तुमचाच नंबर आहे."

बायका हसायच्या. जागा साफ झाली. पाऊस संपता संपता त्यांनी तिथं कडुनिंब, जांभूळ अशी सात रोपं लावली आणि जुन्या जाळ्याचं कुंपण घातलं.

मग तिचं पोटाचं ऑपरेशन निघालं. वलसाडच्या दवाखान्यात पंधरा-वीस दिवस. जाताना मला एकच काम सांगितलं, "रोपांना रोज पाणी घाला. हापशीचं."

हापशी रस्त्यापलीकडं. तिथं बायकांची रांग. मी जन्मभर होडीवर काम केलेला माणूस, हंडा घेऊन त्यांच्या मागं उभा राहू? पहिल्याच दिवशी एक पोरगी म्हणाली, "काका, नंबर लावा हां." सगळ्या खिदळल्या. मी रिकामा हंडा घेऊन परत आलो. खाडी घराला लागून. भरतीला पाणी पायरीशी येतं. तेच भरून ओतलं. मग रोज तेच. खाऱ्या पाण्यानं झाड मरतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वाटलं, थोड्या दिवसांनी काय होतंय.

बायको घरी आली तेव्हा पानं करपून गळाली होती. मास्तरांनी माती चिमटीत धरून जिभेला लावली. "मीठ आहे."

सगळ्यांनी शेजारणीकडं बघितलं. ती मासळी खारवून विकते. तिची मिठाच्या पाण्याची पिंपं कुंपणालाच टेकलेली.

"इथंच ओततेस ना गं पाणी?" बायकोनं विचारलं.

"देवाशप्पत नाही, ताई. खाडीत ओतते."

"मग मीठ काय आभाळातनं पडलं?"

मी ओट्यावरच होतो. तोंड उघडलं नाही.

तीस वर्षं त्या दोघी रोज दुपारी एकत्र चहा प्यायच्या. त्या दिवसापासून बोलणं बंद. शेजारणीला पिंपं लांब धक्क्याकडं न्यावी लागली. तीन महिन्यांनी माझी बायको गेली. शेजारीण कुंपणापाशी उभी राहून रडली, आत आली नाही. तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

यंदा मास्तर पुन्हा रोपं घेऊन आले. "काका, पहिलं रोप तुमच्या हातनं. काकूंच्या नावानं." मग शेजारणीकडं वळून म्हणाले, "मावशी, या वेळी खारं पाणी इकडं नको हां."

"बरं," ती म्हणाली. मान खाली.

तिचं ते "बरं" मला सोसलं नाही. मी रोप खाली ठेवलं.

"मास्तर, तिनं नव्हतं ओतलं. मी खाडीचं पाणी घातलं. बायकांच्या रांगेत उभं राहायची लाज वाटली म्हणून."

मास्तर म्हणाले, "जाऊ द्या काका, झालं गेलं." त्यांचं काय जात होतं? शेजारीण माझ्याकडं बघत होती.

"भावोजी, ताईला सांगितलंत हे?"

"नाही."

"म्हणजे ती माझ्यावर रागावूनच गेली?"

मला हो म्हणावं लागलं.

तिनं पदर खोचला, पुढं येऊन रोप उचललं. "सरका. ताईच्या नावाचं मी लावते."

मी सरकलो. तिनं माती दाबली, रोपाशी बसून बायकोशी काहीतरी पुटपुटली. काय ते मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.